मैफल उठल्यावर आलेली दाद

झॉम्बीज या इंग्लिश बँडचा 'ओडेसी अँड ऑरॅकल' हा अल्बम १९ एप्रिल १९६८ रोजी बाजारात आला, तेव्हा झॉम्बीज उरलेच नव्हते. आदल्या डिसेंबरात शेवटचा कार्यक्रम वाजवून पाचही जण आपापल्या वाटेने गेले होते. ज्याच्या आवाजावर सगळा डोलारा उभा, तो कॉलिन ब्लनस्टन लंडनमध्ये विम्याच्या कचेरीत नोकरी धरून बसला. रेकॉर्ड निघाली की बँडने गावोगाव वाजवायचं, रेडिओवर बोलायचं, टीव्हीवर नुसते ओठ हलवायचे, असा त्या काळचा रिवाज. इथे ते करायला माणसंच नव्हती. रेकॉर्ड पडली, आणि तिच्या पडण्याचा फारसा आवाजही झाला नाही.

आपल्याकडे दाद ही समोरासमोर द्यायची गोष्ट आहे. समेवर मान हलते, पहिल्या रांगेतून 'वा!' येतं, आणि त्या 'वा'वर गाणाऱ्याला पुढची जागा सुचते. दाद देणारा तेवढ्यापुरता मैफलीत सामील असतो. या अल्बमला मात्र जी दाद मिळाली ती सगळीच्या सगळी मागाहून, लांबून, आणि बहुतेक वेळा अशा लोकांकडून, जे १९६८ साली जन्मालाही आले नव्हते. त्यातला मी एक. गाणाऱ्यांना आपण काय केलंय ते कळायला दहा-वीस वर्षं लागली, आणि ते त्यांना ऐकणाऱ्यांनी कळवलं. या अल्बमबद्दल लिहायचं तर त्याच्या ऐकणाऱ्यांबद्दलच लिहावं लागतं.

मी तो पहिल्यांदा ऐकला हॉस्टेलवर, कुणीतरी 'राइट' करून दिलेल्या एमपीथ्री सीडीवरून. त्या सीडीत शे-दीडशे गाणी, आणि फोल्डरमध्ये ती इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लागलेली. त्यामुळे माझ्यासाठी हा अल्बम 'अ रोझ फॉर एमिली'ने सुरू झाला आणि 'टाइम ऑफ द सीझन'ने संपला. शेवट योगायोगाने बरोबर होता, मूळ क्रमातही तेच गाणं शेवटी आहे. पण सुरुवात वेगळी झाली, आणि ते बरंच झालं असं मला अजून वाटतं. ढोल-ताशे, गिटारी, आरडाओरड असलं काही ऐकायच्या तयारीने हेडफोन लावले आणि कानावर आला नुसता पियानो. त्यावर एक अगदी हलका, श्वासाने भरलेला पुरुषी आवाज. हे रॉक आहे? मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "अरे, पुढे ऐक की. तुला सगळ्याची घाई."

पुढे ऐकलं. घाई नंतर गेली ती गेलीच.

बँडची हकीकत थोडक्यात अशी. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये सेंट ऑल्बन्स नावाचं जुनं कॅथीड्रलचं गाव आहे. तिथली शाळकरी पोरं साठीच्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र आली. की-बोर्डवर रॉड अर्जंट, गायला ब्लनस्टन, बासवर ख्रिस व्हाइट, गिटारवर पॉल अ‍ॅटकिन्सन, ड्रम्सवर ह्यू ग्रंडी. १९६४ साली अर्जंटने लिहिलेलं 'शी'ज नॉट देअर' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. विशीही न उलटलेल्या मुलांना आणखी काय हवं? पण मग पुढची दोनेक वर्षं उतार. गाणी निघत राहिली, खपत नव्हती. १९६७ च्या सुरुवातीला ते फिलिपिन्सला गेले तर मनिलामध्ये हजारोंच्या गर्दीसमोर वाजवलं. तिथे आपण एवढे लोकप्रिय आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि त्या गर्दीचे पैसे त्यांच्या हातात फारसे आलेही नाहीत. म्हणजे ऐकणारे आपल्याला न सांगता कुठेतरी जमलेले असतात, याचा एक नमुना त्यांनी आधीच पाहिला होता. तेव्हा लक्षात आला नसेल.

आत आणखी एक ताण होता आणि तो पैशाचा. गाणी लिहायचे अर्जंट आणि व्हाइट. त्यामुळे लेखनाची रॉयल्टी या दोघांना, आणि बाकी तिघांची भिस्त कार्यक्रमांच्या बिदागीवर. कार्यक्रम आटले तसे तिघं कोरडे पडले. हे कुणी कुणावर अन्याय केला म्हणून नव्हे, धंद्याची रचनाच तशी. एकाच गाडीतून हिंडणारी पाच माणसं हळूहळू दोन वेगळ्या आर्थिक थरांत गेली. बँड फुटायचं ठरलं ते भांडणातून नाही. जाताना एक अल्बम मात्र आपल्या मनासारखा करायचा, असं दोघांनी घेतलं. आधीच्या गाण्यांचं ध्वनिमिश्रण निर्मात्याने आपल्या मर्जीने केलं, ही त्यांची जुनी खंत. या वेळी निर्माते आपणच. सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने त्यासाठी १,००० पौंड दिले.

हजार पौंडांत अ‍ॅबी रोडचा स्टुडिओ परवडायचा तर तिथे जाऊन विचार करत बसायची चैन नाही. गाणी आधी घासूनपुसून बसवायची, आत गेलं की वाजवायचं, बाहेर यायचं. १९६७ च्या उन्हाळ्यात ते आत शिरले तेव्हा बीटल्स नुकतेच आपलं मोठं काम आटोपून गेले होते. तेच इंजिनिअर होते, ज्यांत जेफ एमरिकही आला, आणि तीच यंत्रं. अर्जंट सांगतो की जॉन लेननचा मेलोट्रॉन तिथेच पडून होता, तो त्याने बिनदिक्कत वापरला.

हा मेलोट्रॉन म्हणजे मजेदार प्रकरण आहे. दिसायला ऑर्गन, पण प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीची एक-एक लांब पट्टी. तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा, खऱ्या बासरीचा तो-तो सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सूर वाजतो. साधारण ८ सेकंदांनी फीत संपते, बोट कितीही दाबून धरा, सूर बंद. बोट उचललं की स्प्रिंग फीत परत मागे खेचते. शिवाय मोटरचा वेग किंचित हलला की सूरही हलतो. त्यामुळे यातली व्हायोलिनं कधी पूर्ण खरी वाटत नाहीत. वाद्यवृंदाचे पैसे नाहीत म्हणून केलेली ही सोय, आणि आज याच थरथरत्या, जरा फसलेल्या सुरांवर लोक जीव टाकतात. मीही टाकतो. 'चेंजेस'मधली ती बासरी खऱ्या बासरीवाल्याने वाजवली असती तर छान झाली असती आणि मी विसरलो असतो.

आता 'केअर ऑफ सेल ४४' बद्दल. मूळ क्रमात पहिलं गाणं. याच्याइतकी उजळ सुरुवात मला दुसऱ्या कुठल्या अल्बमात सापडलेली नाही. पियानो टुणटुणत येतो, 'गुड मॉर्निंग' म्हणत गाणं सुरू होतं, पत्र लिहिलंय, तुझ्यासाठी उन्हाची खोली राखून ठेवलीय वगैरे. आपण गोड हसत ऐकत असतो आणि पहिल्या कडव्याच्या शेवटी कळतं की ती तुरुंगात आहे. सुटून येणार आहे, आणि हा तिला आणायला जाण्यासाठी रेल्वेच्या तिकिटाचे पैसे साठवतोय. ती आत का गेली, हे गाणं सांगत नाही. विचारतही नाही. सगळ्या आनंदगाण्यांत असतो तसा हा निर्हेतुक आनंद नाही, याला एक पत्ता आहे, कोठडी क्रमांक ४४. मधेच वाद्यं थांबतात आणि नुसते आवाज एकावर एक चढत जातात. अर्जंट लहानपणी सेंट ऑल्बन्सच्या कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांच्या वृंदात होता. ते शिक्षण इथे असं उपयोगी पडलं.

हेच गाणं १९६७ च्या अखेरीस सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, म्हणून काढलं होतं. ते पडलं आणि बँडने आवरतं घेतलं.

हॉस्टेलवर मी ज्याने सुरुवात केली ते 'अ रोझ फॉर एमिली' अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरच्या कथेचं नाव उचलून अर्जंटने लिहिलं. कथा भयंकर आहे. गाणं भयंकराला हातच लावत नाही, ते फक्त एकटेपण घेतं. सगळ्या गावाला प्रेम फुटलंय आणि एमिलीच्या बागेतली गुलाबं दुसरेच तोडून नेताहेत. नुसता पियानो आणि आवाज. मागून सूर देणारे दोघं-तिघं, बस. कथा नंतर कधीतरी वाचली, आणि गाणं त्यातून काय वगळतं ते पाहून अर्जंटबद्दलचा आदर वाढला. वगळणं ही या मंडळींची खासियत. अल्बममध्ये १२ गाणी, एकूण ३५ मिनिटं, आणि कुठलंही गाणं आपला विषय ताणत नाही.

'बीचवुड पार्क'वर मी जास्त वेळ रेंगाळणार आहे, कारण ते मला सगळ्यांत आवडतं आणि त्याबद्दल लोक सगळ्यांत कमी बोलतात. ख्रिस व्हाइटचं गाणं. हर्टफर्डशरमधल्या मार्कयेट गावाजवळची ही जागा, त्याच्या वडिलांचं गावात दुकान होतं. उन्हाळ्यातला पाऊस, ओली झालेली पाऊलवाट, आणि पूर्वी इथे कुणाबरोबर तरी यायचो, एवढंच. गिटारचा सूर ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला, त्यामुळे तो पाण्याखालून आल्यासारखा लवलवतो. हे गाणं लिहिणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा. या वयात कुणाला एवढं मागचं आठवतं? पण मला वाटतं, ते वयच तसं असतं. बालपण नुकतंच हातातून सुटलेलं असतं आणि अजून त्याची धग जाणवते. चाळिशीत आपल्याला आठवतात त्या आठवणींच्या आठवणी. ब्लनस्टन ते गातो तेही कसं? पट्टी वर चढते तिथे तो जोर लावत नाही, उलट आवाजातली हवा वाढवतो. बुलंद गळ्याच्या कौतुकात वाढलेल्या माझ्या कानाला हे आधी दुबळं वाटलं होतं. आमच्यातला एक तबला वाजवणारा मित्र, जो बाकी या गाण्यांना 'तुमची ती इंग्लिश भावगीतं' म्हणतो, तो या एका गाण्याला मात्र डोळे मिटतो. कारण विचारलं तर म्हणतो, "ड्रमवाला मधे-मधे करत नाही." ह्यू ग्रंडीला आजवर मिळालेल्या दादींपैकी ही अगदी वरच्या दर्जाची आहे.

आणि मग 'बुचर्स टेल'. याच्या बाबतीत घरातलाच एक प्रसंग सांगतो. माझी आत्या नाट्यसंगीत गायची, घरी तिच्या सासऱ्यांची पायपेटी होती. एकदा सुट्टीत तिच्याकडे असताना मी हे गाणं मोठ्याने लावलं होतं. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "काय रे, ही पायपेटी कोण वाजवतंय?"

म्हटलं, "आत्या, इंग्लिश गाणं आहे गं."

"असू दे. पेटी आहे ती. भाता ऐक की."

तिचं बरोबर होतं. या गाण्यात गिटार नाही, ड्रम्स नाहीत. व्हाइटकडे पायाने भाता मारायचा एक जुना ऑर्गन होता, तो स्टुडिओत आणून अर्जंटने वाजवला. गंधर्वांच्या काळात मराठी रंगभूमीवर ज्या जातीचा ऑर्गन साथीला असायचा, त्याच जातीचं वाद्य. आत्याने तो सूर आयुष्यभर शृंगाराच्या आणि भक्तीच्या पदांमागे ऐकलेला. इथे त्याच सुरावर एक खाटीक पहिल्या महायुद्धातला चिखल, तारांवर लोंबकळणारा मित्र आणि माशा यांचं वर्णन करतोय. ब्लनस्टन गात नाही, व्हाइट स्वतः गातो, आणि त्याचा आवाज कापतो. दुकान सोडून लढाईला आलेला हा माणूस पुढे म्हणतो, माझे हात थरथरायचे थांबत नाहीत, मला घरी जायचंय. गाण्याच्या नावात '१९१४' आहे, पण त्यात येणारी गावं, गोमकूर, थिएपव्हाल, मामेत्झचं रान, ही १९१६ च्या सॉमच्या लढाईतली. व्हाइटच्या घरातला एक माणूस त्या लढाईत गेला होता. सालाची ही गफलत पन्नास वर्षं तशीच छापली जातेय आणि ऐकणाऱ्या कुणालाही ती खुपत नाही, मलाही नाही.

मी आत्याला अर्थ सांगितला. तिचं सासर सातारा जिल्ह्यातलं. ती म्हणाली, "आमच्याकडं अपशिंग्यात दगड आहे बघ, नावं कोरलेला." अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. मराठा पलटणी तेव्हा बहुतेक मेसोपोटेमियात लढल्या, फ्रान्सच्या आघाडीवर नव्हे, पण घरी परत न येणं दोन्हीकडे सारखंच. तिने गाणं पुन्हा लावायला सांगितलं नाही. आत जाता-जाता एवढंच म्हणाली, की भाता मारणारा जरा घाई करतोय.

अमेरिकेत हा अल्बम निघाला तेव्हा कंपनीने पहिलं सिंगल म्हणून निवडलं ते हेच. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, युद्धविरोधी गाणं चालेल असा हिशेब. बारा गाण्यांतलं सगळ्यांत न चालण्याजोगं गाणं शोधून काढण्याची ही किमया फक्त रेकॉर्ड कंपन्यांनाच जमते.

पण अमेरिकेत तो निघाला तरी कसा? त्याचं श्रेय एका ऐकणाऱ्याला आहे. अल कूपर हा बॉब डिलनच्या गाण्यावर ऑर्गन वाजवून नाव कमावलेला वादक. १९६८ साली तो कोलंबिया कंपनीत निर्माता म्हणून रुजू झालेला. सीबीएस हे याच कंपनीचं इंग्लंडमधलं नाव. लंडनच्या फेरीत त्याने पिशवीभर रेकॉर्ड्स घेतल्या. घरी जाऊन त्या ऐकल्या, त्यांतली ही एक त्याच्या डोक्यातून जाईना. तो कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांच्याकडे गेला आणि म्हणाला, याचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून काहीही करून घ्या. उत्तर मिळालं की हक्क आपल्याकडेच आहेत, आपण ती काढणार नव्हतो. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. माल गोदामातच होता. फक्त तो ऐकणारं कुणी त्या इमारतीत नव्हतं.

कूपरने लावून धरलं म्हणून रेकॉर्ड निघाली, तीही डेट नावाच्या दुय्यम लेबलवर. 'बुचर्स टेल' गेलं तसं गेलं. मग 'टाइम ऑफ द सीझन' काढलं. आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात एक रेडिओ निवेदक ते थांबवायलाच तयार नव्हता, असं सांगतात. तिथून ते पसरत गेलं आणि १९६९ च्या मार्चमध्ये बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकाला पोचलं. बँड फुटून सव्वा वर्ष झालेलं. पुन्हा एकत्र या म्हणून पैशांच्या गोष्टी झाल्या. अर्जंट आणि व्हाइट तोवर नव्या बँडच्या कामात होते, त्यांनी नकार दिला. मग अमेरिकेत लोकांनी तोतये झॉम्बीज उभे केले. खरंच. एका तोतया चमूत टेक्सासची दोन पोरं होती, डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड, जी पुढे झीझी टॉप या बँडमध्ये जगप्रसिद्ध झाली. पानिपतानंतर आपल्याकडे भाऊसाहेबांचा तोतया आला होता. तो निदान एकच होता.

त्या गाण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 'टाइम ऑफ द सीझन' उत्तम आहे, बासची ती घसरती चाल, टाळी आणि पाठोपाठ सुटलेला तो उसासा, कुठेही ऐकला तरी ओळखू येतो. पण अल्बममधलं ते सगळ्यांत परकं गाणं आहे. बाकीची अकरा घरात बसून लिहिल्यासारखी वाटतात, पत्र, बाग, मेणबत्ती, मित्रांची लग्नं. हे एक रस्त्यावर उभं राहून, जरा छाती काढून म्हटलेलं. ते सगळ्यांत शेवटी लिहिलं गेलं आणि मुद्रणाच्या वेळी ब्लनस्टन थकलेला, चाल नीट बसलेली नाही, अर्जंट बाहेरून सारखा सुधारतोय. शेवटी ब्लनस्टन म्हणाला, एवढं येतंय तर तूच ये आणि गा. अर्जंट म्हणाला, गायक तू आहेस, उभा राहा आणि गा. अशा वातावरणात प्रेमाच्या ऋतूचं गाणं मुद्रित झालं. आता ऐकताना त्या आवाजात एक आव्हान आहे असं मला वाटतं, आणि ते गाण्याला शोभतं. हकीकत माहीत नसती तर वाटलं असतं का, सांगता येत नाही.

इथेच माझी खरी तक्रार आहे. या अल्बमच्या चाहत्यांना, म्हणजे आम्हाला, त्याच्या दुर्दैवाची गोष्ट फार आवडते. हजार पौंड, विम्याची नोकरी, मुखपृष्ठावर चित्रकाराकडून 'ओडेसी'चं चुकीचं पडलेलं स्पेलिंग, उशिरा आलेलं यश. ही गोष्ट इतकी गोळीबंद आहे की एकदा ऐकली की अल्बम तिच्यातूनच ऐकू येतो. एखाद्या नव्या माणसाला ऐकवताना मीसुद्धा आधी गोष्ट सांगतो, मग गाणं लावतो, आणि समोरचा अर्धी दाद गोष्टीलाच देतो. यशस्वी झालेल्या रेकॉर्डवर एवढं प्रेम आपण करत नाही. 'हे मला सापडलं' हा आनंद तिथे नसतो. पॉल वेलरसारखा नावाजलेला गायक गेली कित्येक वर्षं आपल्या आवडत्या अल्बमांत याचं नाव घेतोय, त्यामुळे इंग्लंडमध्ये तरुण पोरं याच्याकडे वळली. २०१७ साली 'एस-टाउन' नावाच्या गाजलेल्या अमेरिकन पॉडकास्टच्या प्रत्येक भागाच्या शेवटी 'अ रोझ फॉर एमिली' वाजलं आणि जगभर नवे ऐकणारे आले. त्या प्रत्येकाला वाटलं की हे आपल्याला सापडलं. मलाही अजून तसंच वाटतं, कितीही मोठ्या याद्यांत याचं नाव आलं तरी.

म्हणून मधे एक प्रयोग केला. गोष्ट विसरून, निव्वळ गाणी तोलायची. 'आय वाँट हर शी वाँट्स मी' ठीक-ठीक आहे, त्या काळी असं ढिगाने निघत होतं. 'हंग अप ऑन अ ड्रीम'चे शब्द त्या उन्हाळ्यातल्या फुलं माळलेल्या पोरांबद्दल जरा भाबडे आहेत, पण खालच्या स्वररचनेने ते तरून जातात. 'ब्रीफ कँडल्स'मध्ये तीन कडवी तिघे वेगवेगळे गातात, ही कल्पना मला गाण्यापेक्षा जास्त आवडते. उरलेल्या गाण्यांना हात लावायला मला जागा सापडत नाही.

'फ्रेंड्स ऑफ माइन' मात्र तोलायला घेतलं की तराजूच हलतो. आपले मित्र प्रेमात पडलेत, जोड्या जमल्यात, याचा आनंद, एवढाच विषय. मागून कोरसमध्ये खऱ्या मित्रमैत्रिणींच्या जोड्यांची खरी नावं घेतलेली आहेत. त्यांतला एक जिम रॉडफर्ड, अर्जंटचा नात्यातला भाऊ. तो आणि त्याची जीन शेवटपर्यंत एकत्र राहिली, आणि रॉडफर्ड नंतरच्या झॉम्बीजमध्ये २०१८ साली वारेपर्यंत बास वाजवत होता. सगळ्या जोड्यांचं असं झालं नाही, ते साहजिकच आहे. हे गाणं 'बुचर्स टेल'च्या लगेच नंतर येतं. तारांवरचा मित्र आणि मग ही नावं. ओळीने ऐकलं तरच हे कळतं, आद्याक्षरांच्या क्रमाने ऐकून नाही.

समोरासमोरची दाद त्यांना मिळाली ती २००८ साली. लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायरमध्ये मार्च महिन्यात ब्लनस्टन, अर्जंट, व्हाइट आणि ग्रंडी एकत्र आले आणि त्यांनी पहिल्यांदा हा अल्बम सबंध, रेकॉर्डवरच्या सुराबरहुकूम वाजवला. अ‍ॅटकिन्सन चार वर्षांपूर्वी गेला होता. स्टुडिओत एकाच माणसाने एकावर एक चढवलेले मेलोट्रॉनचे थर रंगमंचावर एकट्याला वाजवता येणं शक्य नाही, म्हणून 'बीच बॉइज'वाल्या ब्रायन विल्सनच्या बँडमधला डॅरियन सहानाजा खास त्या कामाला आला. त्याचं मुद्रण उपलब्ध आहे. ब्लनस्टन साठीचा. आवाजातली हवा आहे तशीच, वर जोर देतो आणि तो जोर शोभतो. पण माझं लक्ष टाळ्यांकडे जातं. पियानोचे पहिले चार सूर वाजतात न वाजतात तोच सभागृह उसळतं. या लोकांना पुढचा प्रत्येक सूर पाठ आहे, आणि वाजवणाऱ्यांनी तो प्रेक्षकांसमोर जवळजवळ कधीच वाजवलेला नाही. गाण्याची तालीम ऐकणाऱ्यांची जास्त झालेली.

कुणाला नव्याने ऐकायचं असेल तर माझा आग्रह मोनोचा, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणाऱ्या मुद्रणाचा. १९६७ मध्ये मोनोच मिश्रण केलं होतं. मग सीबीएसने स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या कानांत वेगवेगळा वाटलेला आवाज, मागितला, बजेट संपलेलं, तेव्हा अर्जंट आणि व्हाइट यांनी आपल्या रॉयल्टीतून पैसे घातले. पण 'धिस विल बी अवर इयर'मध्ये पंचाईत झाली. त्यातला पितळी वाद्यांचा भाग थेट मोनो मिश्रणावरच चढवलेला, त्यामुळे खरा स्टिरिओ करायचा तर ती वाद्यं गळणार. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डवर म्हणून त्या एका गाण्याचा बनावट स्टिरिओ होता. चाहते यावर हमरीतुमरीवर येतात. मी पितळी वाद्यांच्या बाजूचा. 'हे वर्ष आपलं असेल' असं म्हणणारं दोन मिनिटांचं गाणं, आणि त्याच वर्षी बँड मोडला, हा विनोद सोडून दिला तरी ते तुतारीसारखे सूर त्यात हवेतच.

आता हे गाणं तिकडे लग्नांत वाजतं. गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या रिसेप्शनला तिने ते हट्टाने यादीत घातलं. डीजेने तिच्याकडून पेन ड्राइव्ह घेतला, गाणं थोडं ऐकलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, हे कुठल्या पिक्चरचं?" म्हटलं, पिक्चरचं नाही. त्याने पुन्हा ऐकलं. "मग चालेल. पण हे जेवणाच्या वेळेला लावू, नाचायला नको. मी पूर्ण लावतो, कापत नाही." आणि त्याने खरंच पूर्ण लावलं, मोनो.